वर्गातलं ॲप नेमकं कशासाठी?

तिसरीच्या वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही आहे, गावानं लोकवर्गणीतून घेऊन दिलेला. त्यावर जलचक्राचा व्हिडिओ चालू आहे. समुद्र, ऊन, वाफ, ढग, पाऊस आणि मागे गोड संगीत. तीसच्या तीस मुलं गप्प बसून पडद्याकडे बघताहेत. दारातून डोकावणाऱ्या पालकाला बरं वाटतं की शाळा डिजिटल झाली. व्हिडिओ संपल्यावर बाई विचारतात, "ढग कशाचे होतात?" तीन हात वर येतात. रोज येतात तेच तीन. बाकीच्या सत्तावीस जणांच्या डोक्यात काय गेलं हे बाईंना व्हिडिओच्या आधी माहीत नव्हतं आणि नंतरही कळलेलं नाही.

प्राथमिक शाळेतल्या डिजिटल साधनांचा विचार या सत्तावीस जणांपासून सुरू करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कुठलं ॲप चांगलं, टॅब किती इंची घ्यावा, हे प्रश्न नंतरचे. आधी दोन गोष्टी बघायच्या. साधन आलं नसतं तर जे मूल गप्प बसून राहिलं असतं, त्याला आता काही वाचावं, बोलावं, सोडवावं लागतंय का? आणि त्याला काय येत नाही हे शिक्षकाला त्याच तासात कळतंय का? यातलं एकही घडत नसेल तर पडद्यानं वर्ग शांत होतो, एवढंच. ही दोन कामं ॲप कशी करतात, कुठे चांगली करतात आणि कुठे कमी पडतात, ते या लेखात बघू.

एका इयत्तेत अनेक इयत्ता

आधी अडचण समजून घ्यावी लागते. आपल्याकडच्या असंख्य जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी, दोन गुरुजी. एका गटाला शिकवताना दुसरा गट नुसता पाठ्यपुस्तकातला उतारा उतरवून काढत असतो. ही झाली डोळ्यांना दिसणारी अडचण. न दिसणारी त्याहून मोठी आहे. एकाच इयत्तेत बसलेली मुलं प्रत्यक्षात वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी असतात.

'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या मुलांकडून अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असं चढत्या क्रमानं वाचून घेतात. २०२४ च्या देशपातळीवरच्या अहवालात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. म्हणजे तिसरीचं भाषेचं पुस्तक उघडून "आता वाचा" म्हटलं की वर्गातल्या बहुतेक मुलांसाठी तो तास तिथेच संपतो. पुस्तक एकाच वेगानं पुढे जातं. शिक्षकाला इच्छा असली तरी तीस मुलांना तीस वेगळी उदाहरणं एका वेळी घालता येत नाहीत.

इथे सॉफ्टवेअरला खरी ताकद आहे. त्याला प्रत्येक मुलाला वेगळा प्रश्न देता येतो. मुलाच्या उत्तरांप्रमाणे पातळी बदलणारी ॲप असतात, त्यांची रीत अशी: मुलाला तीन अंकी हातच्याची वजाबाकी दिली आणि ती सलग चुकली, तर ॲप त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणं देत बसत नाही. ते एक पायरी खाली येतं आणि दोन अंकी वजाबाकी देतं. तिथेही अडलं तर दशक-एककावर येतं. जिथे मुलाचा पाय टेकतो तिथून परत वर चढायला सुरुवात होते. हुशार शिक्षक शिकवणीत हेच करतो. फरक इतकाच की शिक्षकाला हे एका वेळी दोघा-तिघांसाठी जमतं.

याचा उपयोग होतो का, हे आपल्या देशात नीट तपासलं गेलं आहे. वडोदरा महानगरपालिकेच्या शाळांत सरकारनं दिलेले संगणक होते, पण ते मुलांच्या हाती फारसे पडत नव्हते. २००२ ते २००४ या दोन शैक्षणिक वर्षांत 'प्रथम' संस्थेनं तिथल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळायला दिले. एका संगणकावर दोन मुलं, आणि मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलणारी काठिण्यपातळी. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासात होते. गणितातली प्रगती ठळक दिसली. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं पाहिलं तर त्यातला बराचसा फायदा विरून गेलेला होता. हा दुसरा भाग कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवा. तीन महिन्यांची 'डिजिटल मोहीम' करून फोटो काढले की काम झालं, असं होत नाही.

दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा असाच अभ्यास झाला. मुलं थोडी मोठी होती, बरीचशी सहावी ते नववीची. त्यात असं दिसलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. शाळेनंतर रोज दीड तास, त्यातली पंचेचाळीस मिनिटं संगणकावर आणि पंचेचाळीस मिनिटं लहान गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली भर इतर मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. दीड तासातला निम्मा वेळ माणसाजवळ होता, ही गोष्ट हा निकाल वाचताना सोडून चालणार नाही.

गुजरातमधल्याच आणखी एका अभ्यासानं हे अधिक स्पष्ट केलं. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तेव्हा मुलं कमी शिकली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचा म्हणून दिला तेव्हा फायदा झाला, आणि मागे पडलेल्या मुलांना जास्त झाला. सॉफ्टवेअर तेच होतं. ते कशाच्या जागी आलं, यावर निकाल फिरला. शाळेत टॅब आणायचा ठरला की मी म्हणूनच आधी वेळापत्रक मागते. त्या तासाला आत्ता काय चालतं? शिक्षक समजावून सांगत असतील, तर तो तास त्यांचाच राहू दे. दुसरीची मुलं तिसरीचं शिकवून होईपर्यंत नुसती बसून असतील, तर टॅबची जागा तिथे आहे.

पेरू देशानं तर फार मोठा खर्च करून मुलांना एकेक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचं मोजमाप प्रसिद्ध झालं. गणित आणि भाषा या दोन्हींत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये फरक आढळला नाही. यंत्र पोचलं होतं, पण मुलाला कुठल्या पायरीवरून काय द्यायचं हे ठरवणारं त्यासोबत काही पोचलं नव्हतं.

एक फोन, तीस कार्डं

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या साधनाकडे येते. मुलांच्या हातात यंत्र नसतानाही हे चालतं, म्हणून आपल्या शाळांना ते फार सोयीचं आहे. 'प्लिकर्स' असं त्याचं नाव.

प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड मिळतं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक टायपात ए, बी, सी, डी छापलेलं असतं. शिक्षक फळ्यावर किंवा पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय देतात. मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे फोनला दोन गोष्टी कळतात: हे कार्ड कितव्या क्रमांकाचं आणि त्याची कुठली बाजू वर आहे. काही सेकंदांत शिक्षकाच्या फोनवर यादी येते, कुणी काय उत्तर दिलं त्याची. शेजाऱ्याचं बघून उपयोग नसतो, कारण त्याची नक्षी वेगळी आणि अक्षर बारीक. ज्या मुलाचा हात वर्षभर वर आलेला नाही, त्यालाही उत्तर द्यावंच लागतं. चुकलं तरी कुणी हसत नाही, कारण कुणाला दिसतच नाही.

पण कार्डं छापली म्हणजे झालं असं नाही. सगळी गंमत प्रश्नात आहे. हे जरा सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणांत ॲप कसं डाउनलोड करायचं ते शिकवतात आणि प्रश्न कसा करायचा ते राहून जातं.

समजा, दोन अंकी हातच्याची वजाबाकी झाली आहे आणि ती किती जणांना समजली ते बघायचं आहे. गणित घातलं ५२ वजा २७. बरोबर उत्तर २५. पर्यायांत ३५ हवंच, कारण ते नेहमीचं चुकीचं उत्तर आहे. बरीच मुलं ३५ दाखवतात. आता त्यांची चूक काय? एक शक्यता अशी की मुलानं एककाच्या घरात २ मधून ७ जात नाही म्हणून उलट ७ मधून २ वजा केले, ५ आले, आणि दशकात ५ वजा २, म्हणजे ३. उत्तर ३५. दुसरी शक्यता, मुलानं दशक सुट्टा केला, १२ मधून ७ वजा केले, ५ आले, पण दशकाच्या घरातले ५ कमी करून ४ करायचे विसरला. तिथे ५ वजा २, म्हणजे ३. उत्तर परत ३५. दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. ही यादी हाती आली तरी शिक्षकाला काही कळलं नाही.

आता एकच अंक बदलू. ५३ वजा २७. बरोबर उत्तर २६. उलट वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर येतं ३४. दशक सुट्टा करून कमी करायला विसरणाऱ्याचं येतं ३६. आणि चिन्हच न बघणारा बेरीज करून ८० दाखवतो. चार पर्याय चार गोष्टी सांगतात. ३४ वाल्यांना हातचा ही कल्पनाच कळलेली नाही. त्यांना परत काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतील, एक गठ्ठा स्वतः सोडून दहा काड्या मोकळ्या करायला लावाव्या लागतील. ३६ वाल्यांना कल्पना कळली आहे, लिहिण्याची सवय राहिली आहे. ५ खोडून वर ४ लिहायचा, एवढ्याचा चार-पाच गणितांत सराव झाला की ती गाडी रुळावर येते. ८० वाल्यांना गणितात काही अडचण नसेलही, त्यांना चिन्हाला गोल करायला सांगा. आणि २६ वाली मुलं पुढचं शाब्दिक उदाहरण सोडवू शकतात. एका प्रश्नातून चार गट पडले आणि पुढच्या अर्ध्या तासात कुणासोबत काय करायचं ते ठरलं.

असे प्रश्न करायला वेळ लागतो हे खरं. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत दहा शिक्षकांनी मिळून एका घटकाचे पाच प्रश्न केले तरी वर्षभरात मोठा साठा तयार होईल. त्यासाठी मुलांच्या जुन्या वह्या घेऊन बसायचं. कुठल्या चुका होतात ते तिथेच लिहिलेलं असतं.

नेट नसेल तर? तर पाट्या आहेत. "तीन म्हटलं की सगळ्यांनी पाटी वर," हे आपल्याकडे फार जुनं आणि उत्तम साधन आहे, आणि वरचा ५३ वजा २७ चा प्रश्न पाटीवरही तेवढाच चालतो. ॲपमुळे त्यात दोन गोष्टींची भर पडते. उत्तर इतरांना दिसत नाही, आणि नोंद राहते. महिनाभरानं मागे जाऊन बघता येतं की हीच सहा मुलं प्रत्येक वेळी दशक-एककाच्या प्रश्नावर अडली. तीस मुलांच्या पाट्या डोळ्यांनी पाहून एवढं लक्षात ठेवणं कुणालाच जमत नाही.

मोठ्यानं वाचणाऱ्या मुलाचं ऐकणारं कुणीतरी

वाचन शिकायला मुलानं मोठ्यानं वाचायला हवं आणि ते कुणीतरी ऐकायला हवं. ज्या घरात आई-वडील पहाटे उसतोडीला किंवा कामाला जातात, तिथे हे ऐकणारं कुणी नसतं. वर्गात प्रत्येक मुलाचं रोज पाच मिनिटं ऐकायचं तर तीस मुलांना अडीच तास लागतील.

गूगलनं मार्च २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाचं वाचनाचं ॲप आणलं. पुढच्या वर्षी ते 'रीड अलाँग' या नावानं मराठीसह नऊ भाषांत आलं. मूल पडद्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो आणि वाचून झालेले शब्द रंगवत जातो. फोनला हे कसं कळतं? मूल काय बोलेल ते त्याला शोधून काढायचं नसतं. वाक्य आधीच ठरलेलं आहे. ऐकू आलेला आवाज त्या वाक्यातल्या पुढच्या शब्दाशी जुळतो का, एवढंच तपासायचं असतं. म्हणून हे काम साध्या स्मार्टफोनवर, गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवायही होतं. मूल अडलं तर शब्दावर बोट ठेवून उच्चार ऐकता येतो.

याच्या मर्यादा मराठी मुलांच्या शिक्षकाला माहीत असायला हव्यात. पहिली मर्यादा गोंगाटाची. वर्गात दहा जण एकदम वाचू लागले की फोन गोंधळतो. व्हरांड्यात, झाडाखाली, एकेक करून बसवा. दुसरी मर्यादा जास्त नाजूक आहे. धुळ्याकडचं अहिराणी बोलणारं मूल, मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं माडिया बोलणारं, पालघरचं वारली बोलणारं मूल प्रमाण मराठी आपल्या वळणानं वाचतं. 'पाणी' चं 'पानी' होतं, 'ळ' चा 'ल' होतो. फोन कधी हे चालवून घेतो, कधी अडवून धरतो. मुलाला शब्द कळला आहे, तो बरोबर वाचला आहे, तरी यंत्र पुढे जाऊ देत नाही. दोन-तीनदा असं झालं की मूल फोन बाजूला ठेवतं आणि मनात धरतं की आपल्याला वाचता येत नाही. अशा वेळी शिक्षकानं जवळ असायला हवं आणि "तू बरोबर वाचलंस" हे मोठ्यानं सांगायला हवं.

याच मुलांसाठी एक फार साधं साधन आहे, आणि ते प्रत्येक फोनमध्ये असतं: आवाज नोंदवणारा रेकॉर्डर. मुलाला आपल्या बोलीत गोष्ट सांगू द्या. शेळी हरवली ती, नदीला पूर आला तो, आजीनं भूत पाहिलं ते. ती नोंदवा, परत ऐका, आणि मुलाच्याच शब्दांतली पाच-सहा वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून त्याला वाचायला द्या. आपणच बोललेलं वाक्य कागदावर बघताना मूल पुढचा शब्द आधीच जाणत असतं, त्यामुळे अक्षर आणि आवाज यांची गाठ लवकर पडते. मग हळूहळू शेजारी प्रमाण मराठीतलं वाक्य ठेवायचं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मोफत गोष्टींचा साठा आहे. मराठीतल्या शेकडो गोष्टी तिथे पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, महाराष्ट्रातल्या काही आदिवासी भाषांतल्याही आहेत. त्या छापून घेता येतात आणि स्वतः भाषांतर करून भरही घालता येते. वाचायला पुस्तकंच नसलेल्या शाळेला एक फोन आणि एक प्रिंटर यांतून छोटं वाचनालय मिळू शकतं.

पुस्तकावरचा चौकोन

बालभारतीच्या पुस्तकांत पाठाजवळ क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की 'दीक्षा' या व्यासपीठावरचं त्या पाठाचं साहित्य उघडतं. 'दीक्षा' ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी त्याच्या आधीपासून पुस्तकांना असे कोड जोडायला सुरुवात केली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांसोबत वाटून घेतली. तेव्हा हा चौकोन घराघरात माहीत झाला.

पालकांचा यात एक गैरसमज असतो. त्या चौकोनात व्हिडिओ साठवलेला नसतो, फक्त पत्ता असतो. पत्त्यावर जायला नेट लागतं. म्हणून शिक्षकानं आदल्या दिवशी नेट असलेल्या जागी साहित्य उतरवून ठेवायचं आणि वर्गात ते तसंच दाखवायचं. घरी मुलानं स्कॅन करावं ही अपेक्षा ठेवताना घरातला फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो तेही बघायला हवं. तो बहुधा वडिलांसोबत कामावर गेलेला असतो आणि रात्री आठला परत येतो.

व्हिडिओबद्दलही एक सांगते. सुरुवातीच्या जलचक्राच्या व्हिडिओत काही वाईट नव्हतं. तो सलग दहा मिनिटं चालला, हे खटकतं. दीड मिनिटानं थांबवा. "वाफ वर गेली. आता तिचं काय होईल? वहीत चित्र काढा." सगळ्यांनी काढलं की पुढे चालवा आणि आपलं चित्र तपासायला सांगा. थांबवण्याच्या जागा आदल्या दिवशी ठरवून ठेवायच्या. तेवढ्यानं तोच व्हिडिओ सत्तावीस मुलांना कामाला लावतो.

पडदा कुठे नको

पहिली-दुसरीत हात आधी, पडदा नंतर. मणी, काड्या, चिंचोके, कागदाच्या घड्या यांनी संख्या आणि अपूर्णांक आधी हाताखालून जायला हवेत. अर्धा आणि पाव कागद घडी घालून केला, चार वेळा केला, की मग 'फेट'सारख्या मोफत संकेतस्थळावरचा अपूर्णांकांचा खेळ अर्थपूर्ण होतो. तिथे हाताला शक्य नाही ते करता येतं, जसं की एका पूर्णाचे भाग झटक्यात तीन, पाच, आठ करून बघणं. घडीच घातली नसेल तर मुलासाठी ते नुसते रंगीत तुकडे राहतात.

लेखनाचंही तसंच. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर यांची वळणं हातानं गिरवल्याशिवाय पक्की होत नाहीत. फोनवर 'वि' टाइप केलं की 'विद्यार्थी' आपोआप समोर येतो. मुलानं द आणि य कसे जोडले, रफार कुठे दिला, काहीच केलं नाही. चौथीपर्यंत लेखनासाठी वही आणि पेन्सिलच हवी, यावर मी ठाम आहे.

घड्याळ लावलेल्या स्पर्धांपासून लहान मुलांना दूर ठेवावं. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण आणि पडद्यावर पहिल्या पाच जणांची नावं, हे मोठ्यांच्या कार्यक्रमात ठीक आहे. तिसरीतलं मूल अजून अक्षर जोडून वाचतंय. त्याचा प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपतो, आणि ते वाचायचं सोडून अंदाजानं बोट मारायला शिकतं. बहुतेक ॲपमध्ये वेळमर्यादा बंद करता येते. तेवढं एक बटण शोधून ठेवा.

वेळ किती? केंद्र सरकारनं २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं, एवढीच मर्यादा होती, आणि ती शाळा पूर्ण बंद असतानाची. वर्गात शिक्षक समोर असताना प्राथमिकच्या मुलाला एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

मुलाचं नाव आणि मुलाचा चेहरा

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या मुलाचा अडखळत वाचतानाचा व्हिडिओ येतो. हेतू चांगला असतो, "बघा, महिनाभरात केवढी प्रगती." पण गटात शंभर पालक आहेत. संध्याकाळी पारावर त्या मुलाच्या बापाला कुणीतरी त्यावरून काहीतरी बोलतं. प्रगती दाखवायची तर ती त्या मुलाच्या पालकाला वेगळी पाठवावी.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे. बालकाची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. शिक्षकासाठी याचा रोजच्या कामातला अर्थ सरळ आहे. ॲपमध्ये मुलाचं पूर्ण नाव, आधार, जन्मतारीख, फोटो भरायची गरज नाही. हजेरी क्रमांक पुरतो. प्लिकर्सच्या कार्डावर तर मुळात क्रमांकच असतो. जे मोफत ॲप मुलाकडे फोन नंबर, संपर्क यादी किंवा ठिकाण मागतं आणि गणितामध्ये जाहिरात दाखवतं, ते वर्गात नको.

शिक्षकाच्या फोनवरची सगळी ॲप शिकवण्यासाठी नसतात, हेही इथे सांगायला हवं. हजेरी, पोषण आहार, चाचणीचे गुण, वेगवेगळ्या माहित्या, यांची ॲप वेगळीच आहेत. त्यांतली माहिती वर जाते. गुण भरले जातात, पण कुठल्या मुलाला कुठे मदत हवी हे त्यातून शिक्षकाकडे परत येत नाही, किंवा येईपर्यंत तो घटक केव्हाच मागे पडलेला असतो. शिक्षक "आम्हाला शिकवू द्या" म्हणतात तेव्हा त्यांना तंत्रज्ञान नको असतं असा अर्थ काढू नये. माहिती भरण्यात गेलेला अर्धा तास त्यांना ३४ आणि ३६ वाल्या मुलांसोबत घालवायचा असतो.

गावानं पैसे जमवले तर

शाळा व्यवस्थापन समितीत पन्नास-साठ हजार रुपये जमले की पहिला प्रस्ताव मोठ्या टीव्हीचा येतो. त्याआधी वीजबिल कोण भरणार ते ठरवा, लेखी ठरवा. बिल थकून मीटर कापलेल्या डिजिटल शाळा महाराष्ट्रात कमी नाहीत. पावसाळ्यात वीज जाते त्या गावात आधी इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल लागेल. मग चांगला आवाजाचा स्पीकर, कारण मागच्या ओळीतल्या मुलाला ऐकूच येत नसेल तर चित्र कितीही स्पष्ट असून काय उपयोग. त्यानंतर टीव्ही की चार-पाच साधे टॅब? द्विशिक्षकी शाळा असेल तर माझं मत टॅबच्या बाजूनं आहे. टीव्ही सगळ्यांना एकच गोष्ट दाखवतो. टॅब दिले तर एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटातली पाच मुलं आपापल्या पायरीवरचं काम करू शकतात. चार्जिंगसाठी कुलूपबंद कपाट आणि दुरुस्तीला वर्षाकाठी बाजूला ठेवलेली रक्कम, हे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवं.

विक्रेता ॲप दाखवायला येईल. त्याच्या हातून बघू नका, आणि हुशार मुलाच्या हातूनही नको. वर्गात गणितात मागे असलेल्या दोन मुलांना बोलवा, ॲप द्या आणि मागे गप्प बसा. दहा मिनिटं काही सांगू नका. मूल प्रश्न वाचतं की चारही पर्यायांवर पटापट बोट मारून हिरवा रंग कुठे येतो ते शोधतं, ते दिसेल. चुकल्यावर ॲप का चुकलं ते दाखवतं की नुसता "अरेरे" असा आवाज काढून पुढे जातं, तेही दिसेल. आवाजातली मराठी मुलाला कळते का, की ती बातम्यांसारखी आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजेल. दुसऱ्या दिवशी त्याच दोघांना त्याच प्रकारची तीन गणितं पाटीवर घाला. विक्रेत्याला त्यानंतर फोन करा.